साल आईची, कोंब दोघांचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. बोरिवलीच्या तुमच्या सोसायटीत दोन माड आहेत. एक इमारतीच्याही आधीचा, चौथ्या मजल्याच्या वर गेलेला. दुसरा आठ वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेला. 'सिंगापुरी ठेंगू आहे, हात वर करून नारळ काढाल,' असं सांगून तो दिला. पाचव्या वर्षी त्याला नारळ धरले खरे, पण तो काही ठेंगू राहायला तयार नाही, झावळ्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरल्यात. नर्सरीत दाखवलेला नारळ केशरी होता, याचे मात्र हिरवट-तांबूस निघाले. नर्सरीवाला म्हणतो, 'ही वेगळी प्रजाती आहे साहेब.' शेजारी म्हणतात, संकरित असणार. आणि दहावीतला तुमचा मुलगा म्हणतो, नारळ हे झाडच नव्हे, गवत आहे. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: खरं वर्गीकरण काय, आपण फसलो का, आणि जुन्या माडाचा नारळ रुजवला तर तसाच माड येईल का.

मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं रविवारी सोसायट्यांच्या आवारातली झाडं बघत फिरले. माहेर आगाशीचं, वाडीतलं, त्यामुळे माड पुस्तकात भेटायच्या आधी घरी भेटला. तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही की तुमच्याकडे भांडण माडावरून नाही, शब्दावरून चाललंय. जुन्या शास्त्रीय मराठीत 'प्रजाती' ही वरची पायरी, 'जाती' तिच्या खालची आणि 'वाण' त्याच्याही खालचं. वर्तमानपत्रांनी 'प्रजाती' हा शब्द एक पायरी खाली आणला, कारण तो भारदस्त वाटतो. नर्सरीवाल्यांनी तो आणखी एक पायरी उतरवून थेट वाणाला चिकटवला. हापूस आणि पायरी वेगळे, पण दोन्ही आंबेच ना? तसे कोकणातला उंच बाणवली आणि ठेंगू वेगळे, पण दोन्ही नारळच. वेगळी प्रजाती तर सोडाच, वेगळी जातीसुद्धा नाही.

आता मुलाकडे वळते, कारण तो अर्धा बरोबर आहे. नारळ एकदलिकित आहे, म्हणजे त्याच्या बीत दल एकच. गवत, ऊस, बांबू, केळ, हळद हे सगळे एकदलिकित, म्हणून माडाची त्यांच्याशी लांबची भावकी आहे. पण भावकी म्हणजे एकच घर नव्हे. गवतांचं कुल वेगळं, माडांचं वेगळं. माडांच्या कुलाला अॅरेकेसी म्हणतात, जुनं नाव पामी. 'माड हे गवत' म्हणणं म्हणजे चुलत्याच्या चुलत्याला भाऊ म्हणण्यासारखं आहे.

झाड की नाही, याचं उत्तर कोण विचारतो त्यावर आहे. आंब्याच्या किंवा वडाच्या खोडात सालीखाली ऊतककर नावाचा पेशींचा थर असतो. तो दर वर्षी आत लाकूड आणि बाहेर साल तयार करतो, म्हणून खोड जाड होत जातं आणि जखम भरून येते. माडात हा थरच नाही. माड आधी जमिनीलगत आपली रुंदी ठरवतो, काही वर्षं त्यातच घालवतो, आणि मग तेवढ्याच रुंदीने वर चढतो. म्हणून माडाच्या खोडाला वाढवर्तुळं नसतात, आणि एकदा पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. आमच्या वाडीत नारळ उतरवणाऱ्या पाडेल्यांनी पाय ठेवायला पाडलेल्या खाचा माझ्या आजोबांच्या काळातल्या होत्या. मी पाहिल्या तेव्हाही त्यांच्या कडा काल कोयता मारल्यासारख्या होत्या. तेव्हा दिवाळीत माडाच्या खोडाला खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती थांबवा. आंबा ते सोसतो. माडाला ते भोक कायमचं, आणि भोकातून शिरणारे पाहुणेही.

वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत त्यामुळे माड 'वृक्ष' बसत नाही, हे खरं. पण या काटेकोरपणाचे परिणाम काय होतात ते गोव्यात दिसलं. 2016 मध्ये तिथल्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून नारळ वगळला गेला, केवढा गदारोळ झाला, आणि 2017 मध्ये त्याला पुन्हा झाड करावं लागलं. आपल्याकडे ऊतककर असो वा नसो, महापालिकेच्या वृक्षगणनेत माड मोजला जातो आणि तो तोडायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मुलाला सांगा, परीक्षेत 'एकदलिकित, द्वितीयक वाढ नाही', म्हणजे खोड जाड होत जात नाही, असं लिही, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गवत म्हणू नकोस. कोणीतरी उद्या गवत कापायला निघेल.

कुलाच्या आत नारळ कुठे बसतो, हे मुंबईतल्या मुंबईत, हातात एक पातं घेऊन समजतं. झावळीची एक पाती तिच्या बुडाशी, दांड्याला चिकटते तिथे आडवी कापा आणि कापलेली कड बघा. नारळाच्या पातीचा छेद घराच्या कौलारू छपरासारखा दिसतो, मधली शीर वर आणि दोन्ही बाजू खाली उतरलेल्या. आता शिंदीची पाती घ्या. ती पन्हळीसारखी, मधली शीर खाली आणि कडा वर. पाऊस पडला तर एकीवरून ओघळेल, दुसरीत साचेल. ही क्षुल्लक खूण वाटते, पण माडांच्या कुलातली दोन मोठी घराणी तिने वेगळी होतात. ताड, शिंदी आणि भेरली माड पन्हळीवाले. नारळ, पोफळ, उद्यानांतले रॉयल पाम, कुंड्यांतले अरेका हे छपरवाले. गंमत बघा, भेरली माडाला आपण 'माड' म्हणतो, पण नात्याने तो ताडाच्या आणि शिंदीच्या बाजूचा. आणि ज्या पोफळीला आपण माड म्हणत नाही, ती नारळाच्या घराण्यातली. ताडी आणि माडी यांत फरक करणारी मुंबईतली जुनी भंडारी मंडळी रसाच्या चवीने जे ओळखत, ते पातीच्या घडीनेही ओळखता येतं.

छपरवाल्यांमध्ये नारळाची आणखी जवळची भावंडं कोणती, तर ज्यांच्या करवंटीला तीन डोळे असतात ती. तेलमाड हा त्यांतला सर्वांत ओळखीचा. बाकीची बहुतेक दक्षिण अमेरिकेत, थोडी आफ्रिका आणि मादागास्करकडे. नारळ आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्याचे बहुतेक जवळचे नातेवाईक अटलांटिकच्या पलीकडे राहतात, हे ऐकून वर्गातली मुलं दर वर्षी चमकायची.

या तीन डोळ्यांनीच त्याला नाव दिलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता आणि मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजाकडून पट्ट्याने मिळालं होतं. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरच्या त्याच्या ग्रंथात नारळावर एक प्रकरण आहे. करवंटीवरची तीन भोकं एखाद्या माकडाच्या तोंडासारखी दिसतात म्हणून आमच्या लोकांनी याला 'कोको' म्हटलं, असं तो सांगतो. पुढे डच अधिकारी व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्याचा पहिला खंड 1678 चा आणि त्यातली पहिली वनस्पती 'तेंगा', म्हणजे नारळ. त्यानंतर लिनियसने 1753 मध्ये त्याला 'कोकोस न्युसिफेरा' असं दोन शब्दांचं नाव दिलं. न्युसिफेरा म्हणजे कवचफळ धरणारा. तसं पाहिलं तर हे नाव चुकीचं, कारण नारळ हे कवचफळ नाहीच. आंब्यासारखं, बोरासारखं आठळीचं फळ आहे. पण नाव एकदा लागलं की लागलं.

'कोकोस' या प्रजातीत एके काळी बरीच गर्दी होती. दक्षिण अमेरिकेतला जो दिसायला नारळासारखा पाम सापडे, तो तिच्यात कोंबला जाई. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1916 मध्ये ही गर्दी विस्कटून एकेकाला आपापल्या घरी धाडलं. आता कोकोस प्रजातीत जाती एकच उरलीय: नारळ. नर्सऱ्यांच्या जुन्या याद्यांत अजून 'कोकोस प्लुमोसा' भेटतो. तो क्वीन पाम, त्याची फळं बोराएवढी, आणि त्याचं आताचं नाव सायाग्रस. नर्सरीवाल्याने 'वेगळी प्रजाती' म्हणून तुम्हाला हे दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या झाडाला नारळ लागलेत, विषय संपला. आपल्या मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर यांनी 1926 मध्ये भारत आणि सिलोनमधल्या पामांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या कॉलेजात आजही आहे. मुलाला खरंच रस असेल तर असे वाळवून चिकटवलेले नमुने एकदा दाखवा. झावळी कागदावर कशी मावते, हा प्रश्नच त्याला बरंच शिकवेल.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. जाती एकच असली तरी तिच्यात दोन तऱ्हा ठळक आहेत, उंच आणि ठेंगू. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना 'टिपिका' आणि 'नाना' अशी नावं दिली होती. लॅटिनमध्ये 'नाना' म्हणजे ठेंगणी. आमच्या घरात नाना म्हणजे सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खडूस काका, त्यामुळे ते नाव मी कधी विसरले नाही. कोकणातला आपला बाणवली हा उंच. वीस-पंचवीस मीटर जातो, सहा-आठ वर्षांनी धरतो, ऐंशी-नव्वद वर्षं जगतो. ठेंगू तीन-चार वर्षांत धरतो, लवकर थकतो, आणि त्याचा नारळ शहाळ्याला उत्तम पण खोबऱ्याला पातळ. सिंगापुरी हे बाजारातलं नाव. ते अगदीच निराधार नाही, कारण ठेंगूंचं मूळ आग्नेय आशियाकडचं आहे. 2011 मध्ये जगभरातल्या तेराशेहून अधिक माडांच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यात नारळाचे दोन मोठे गट निघाले, एक हिंदी महासागराचा आणि एक पॅसिफिकचा. आपले उंच माड पहिल्यातले, ठेंगू दुसऱ्यातले.

पण उंची हा या दोघांतला खरा फरक नाही. खरा फरक पोयीत, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यात आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच.

माडाला साधारण महिन्याला एक झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय. होडीसारखं आवरण फाटून पोय बाहेर पडली की तिच्या लोंब्यांवर हजारो नर फुलं दिसतात, तांदळाच्या दाण्यांपेक्षा थोडी मोठी. मादी फुलं मोजकीच, वीस-तीस, लोंबीच्या बुडाशी सुपारीएवढ्या बोंडांसारखी. उंच माडात नर फुलं आधी उमलतात आणि दोन-तीन आठवड्यांत झडून जातात. ती संपली की मग मादी फुलं तयार होतात. म्हणजे घरात बायको तयार होईतो नवरा गावाला गेलेला. परागकण बाहेरूनच यावे लागतात, वाऱ्याने किंवा मधमाशीच्या पायाला लागून, दुसऱ्या माडाकडून. ठेंगूत हे दोन्ही काळ एकमेकांवर चढतात, एकाच पोयीत नर आणि मादी फुलं एका वेळी तयार असतात. त्यामुळे ठेंगू बहुतेक वेळा आपल्याच परागावर धरतो आणि पोरं आईसारखी निघतात. 'बहुतेक वेळा' हे शब्द लक्षात ठेवा. शेजारी उंच माड असले आणि वेळ जुळली, तर ठेंगूच्या बोंडावर परका पराग पडतोच.

हे समजलं की फळाकडे नव्या नजरेने बघता येतं. नारळाची बाहेरची गुळगुळीत साल, तिच्या आतलं काथ्याचं सोडण आणि त्याच्या आतली करवंटी हे तिन्ही थर आईच्या अंगाचे. पराग कोणाचाही असो, त्यांत बापाचा काहीच वाटा नाही. केशरी ठेंगूवर उंच माडाचा पराग पडला तरी नारळ केशरीच दिसणार, कारण साल ही आईची साडी आहे. पोर आत आहे, मऊ डोळ्याच्या मागे खोबऱ्यात रुतलेला शेंगदाण्याहून लहान गर्भ. त्यात आई-बाप निम्मे-निम्मे. आणि खोबरं? ते तिसरंच प्रकरण. माडाच्या साध्या पेशीत 32 गुणसूत्रं असतात, खोबऱ्याच्या पेशीत 48. आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. शहाळ्याचं पाणी म्हणजे सुरुवातीच्या अवस्थेतलं तेच पुष्क, म्हणजे गर्भासाठीचा अन्नसाठा, ज्यात अजून पेशींच्या भिंती पडलेल्या नाहीत. सहाव्या-सातव्या महिन्यापासून भिंती पडू लागतात आणि करवंटीला मलई धरते. आपण मुलांना 'नारळात पाणी कुठून आलं' असं देवाच्या लीलेसारखं विचारतो, पण ते पाणी म्हणजे पुढे खोबरं होऊ घातलेला, अर्ध्यावर असलेला मामला.

डोळे तीन का, तेही सांगून टाकते. मादी फूल तीन किंजदलांचं, म्हणजे बी धरणाऱ्या तीन कप्प्यांचं, म्हणून करवंटीला तीन शिरा आणि तीन डोळे. पण बी एकच धरतं, म्हणून उघडणारा डोळा एकच, मऊ. बाकी दोन आंधळे. तीन शिरांनी करवंटीचे जे तीन भाग पडतात त्यांतला सर्वांत रुंद भाग शोधा, मऊ डोळा त्या बाजूला असतो. पूजेचा नारळ सोलताना शेंडी ठेवतात ती याच डोळ्यांवर. रूढी म्हणून ठेवतात, पण ती डोळा झाकते आणि नारळ लवकर खराब होत नाही हा फायदाही आहे.

तेव्हा नर्सरीत नेमकं काय झालं असावं? तुम्हाला केशरी नारळाला फुटलेलं रोप दाखवलं गेलं. केशरी नारळ म्हणजे केशरी ठेंगू आई, इथपर्यंत नर्सरीवाला खरं बोलला. पण त्या नारळावर पराग उंच माडाचा पडला होता. हे ओळखायची जागा नारळाच्या सालीवर नाही, कोंबाच्या देठावर होती. केशरी ठेंगू स्वतःच्या परागावर धरला असेल तर कोंब आणि कोवळ्या पानांचे देठ केशरी निघतात. उंचाचा पराग असेल तर ते तपकिरी किंवा हिरवट दिसतात. रोपवाटिकेत संकरित रोपं निवडतात ती याच रंगावरून. तुमच्या माडाचे आत्ताचे हिरवट-तांबूस नारळ, पाचव्या वर्षी आलेली पहिली धर आणि थांबायला तयार नसलेली उंची, तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: ठेंगू आई, उंच बाप. शेजाऱ्यांचा अंदाज बरोबर. फक्त हा कोणी ठरवून केलेला संकर नाही, मधमाशीने केलेला.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. फोटो न बघता मी पैजेवर सांगणार नाही, कारण सावलीतला खरा ठेंगूसुद्धा उजेडासाठी लांबतो आणि बोरिवलीत दोन इमारतींच्या बोळात तसं होऊ शकतं. म्हणून दोन खुणा स्वतः तपासा. पहिली बुंध्याची. उंच माडाचा बुंधा जमिनीलगत फुगलेला असतो, हंड्याच्या बुडासारखा. खऱ्या ठेंगूचं खोड जमिनीतून काठीसारखं सरळ वर येतं. संकराचा बुंधा मधला, थोडा फुगीर. लावताना खोल पुरला असेल किंवा आळ्यात माती भरत गेली असेल, तर हाताने जरा उकरून बघा. दुसरी खूण खोडावरच्या वळ्यांची. पडलेल्या प्रत्येक झावळीचा एक वण राहतो. ठेंगूत हे वण एकमेकांना खेटून असतात, उंचात आणि संकरात त्यांच्यात दोन-चार बोटं जागा सुटते. आणि तिसरी, वेळ असेल तर: नवी पोय फुटली की तीन आठवडे रोज गॅलरीतून बघा. नर फुलं झडत असतानाच बोंडांच्या टोकाला मधासारखा चिकट थेंब दिसला तर ठेंगूचं रक्त जोरात आहे. ही नोंद दहावीच्या मुलाकडे द्या, प्रकल्प होऊन जाईल.

फसलात का? ठेंगू म्हणून संकर दिला, एवढ्यापुरते हो. पण सौदा तोट्याचा नाही. ठेंगू आणि उंच यांचा संकर मुद्दाम करायचं काम आपल्याच देशात, केरळमधल्या निलेश्वर इथे 1930 च्या दशकात पहिल्यांदा झालं, आणि आजही शेतकरी अशी रोपं पैसे मोजून रांगेत उभे राहून घेतात. लवकर धरतो आणि खोबरंही बऱ्यापैकी. तुमची अडचण फक्त जागेची आहे. अजून दहा वर्षांनी त्याच्या खाली गाड्या लावता येणार नाहीत. पावसाळ्याआधी वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घेणं तेव्हापासून नेमाने करावं लागेल, कारण मुंबईत माड अंगावर पडून माणसं गेलेली आहेत.

माझीही अशीच फसगत झाली आहे, आणि ती मी शिकवायला लागल्यावर, म्हणजे अज्ञानाची सबबही नव्हती. उत्तनला एका मैत्रिणीच्या जागेत मी हिरव्या ठेंगूची आठ रोपं निवडून लावली. त्यांतले तीन माड उंच निघाले. केशरीत देठाचा रंग चुगली करतो. हिरव्यात आई हिरवी, बाप हिरवा, कोंबही हिरवा, चुगली करायला कोणी नाही. तेव्हापासून रोप घेताना मी वाणाचं नाव विचारायचं सोडलं. मी विचारते: आई कुठे उभी आहे आणि तिच्या आसपास कोणते माड आहेत? उत्तर देता आलं तर रोप घेते.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. दोन्ही माड एकाच प्रजातीचे, एकाच जातीचे. जुना उंच तऱ्हेचा, बहुधा बाणवली. नवा ठेंगू आणि उंचाचा नैसर्गिक संकर. आणि गवत कोणीच नाही.

राहिला जुन्या माडाचा नारळ रुजवायचा प्रश्न. तसाच माड येईल असं नाही, कारण उंच माडाचा बाप दर वेळी परका. आणि आता तर शेजारीच तुमचा संकर उभा आहे, त्याचाही पराग जाणार. तरी आई दमदार असेल तर पोर साधारण चांगलंच निघतं, वाडीवाले शेकडो वर्षं तेच करत आलेत. दर वर्षी नेमाने धरणारा, झावळ्यांचा माथा चारी बाजूंनी गोल भरलेला आणि लोंगर आखूड दांड्यावर घट्ट बसलेले असा माड आई म्हणून चांगला. नव्या माडाचे नारळ मात्र रुजवू नका. संकराच्या पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण कसेही विखुरतात, एक पोर काकावर जातं तर एक आत्यावर, आणि ते कळायला सहा वर्षं लागतात.

जुन्या माडाचा नारळ घ्यायचा तर झाडावरच पूर्ण पिकलेला घ्या, अकरा-बारा महिन्यांचा, हलवला तर पाणी वाजणारा. दोरीने उतरवा, वरून टाकला तर आत डोळ्याला मार बसतो. जुहूच्या चौपाटीवर भरतीला येणारे नारळ रुजवायचा मोह काही लोकांना होतो. ते बहुतेक नारळी पौर्णिमेचे किंवा विसर्जनाचे सोललेले, त्यांचं सोडण गेलेलं, ते रुजत नाहीत. समुद्रातून तरंगत जाऊन रुजतो तो सोडणासकटचा नारळ, आणि सोडण असेल तर तो शंभर-सव्वाशे दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही जिवंत राहू शकतो. तुमचा बादलीभर वाळूत आडवा ठेवा, सोडणाचा वरचा भाग उघडा राहू द्या, वाळू ओलसर ठेवा. दोन-तीन महिन्यांत कोंब दिसेल. पाच महिन्यांत नाही दिसला तर तो नारळ सोडून द्या, उशिरा फुटणारं रोप पुढेही मागेच राहतं. एकाऐवजी पाच-सहा रुजवा आणि ज्याचा कोंब आधी फुटेल, ज्याचा बुडखा जाड असेल, ते एकच ठेवा.

आणि लावाल तिथे बुंध्याभोवती निदान हातभर माती मोकळी ठेवा. माडाला सोटमूळ नसतं. दोरीएवढ्या जाडीची शेकडो मुळं बुंध्यातून फुटतात आणि जन्मभर नवी फुटत राहतात, त्यांना खोडाला खेटलेलं सिमेंट चालत नाही. पोयीचा पहिला अंकुर ती बाहेर पडायच्या सुमारे अडीच वर्षं आधी शेंड्याच्या गाभ्यात धरलेला असतो, त्यामुळे आज केलेली चूक लगेच दिसत नाही. तुमच्या जुन्या माडाला गेल्या वर्षापासून नारळ कमी लागतात असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. आवारात पेव्हर ब्लॉक कधी बसवले, ती तारीख एकदा बघून कळवा.